जुने डॉक्टर निवृत्त झाले, आता दात कुणाच्या हाती द्यायचे?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

१८ वर्षं एकाच दंतवैद्यांकडे जात होतो. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या जुन्या एक्स-रेचं एक पिवळं पडलेलं पाकीट हातात ठेवलं आणि म्हणाले, ‘हे जपून ठेवा, नव्या डॉक्टरांना दाखवा.’ मी ते कपाटात टाकलं आणि विसरलो.

परवा म्हटलं, दुखत काही नाही, पण तपासणी आणि सफाई करून घेऊ. एका चकचकीत नव्या दवाखान्यात गेलो. दहा मिनिटांत पडद्यावर माझ्या तोंडाचं चित्र, त्यावर सात लाल ठिपके. सात दाढा किडलेल्या, त्यातल्या दोनांना रूट कॅनाल आणि कॅप. मी अजून तोंड धुतोय तोवर बाहेरच्या टेबलावर हप्त्यांचा कागद तयार! ‘आजच सुरुवात केलीत तर सवलत’ हेही ऐकवून झालं. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणालो आणि सटकलो.

१८ वर्षांत दोन दाढांत सिमेंट भरलं होतं, बस. आता एकदम सात? तर प्रश्न असा, की दुखणं नसताना, फक्त नियमित देखभालीसाठी दंतवैद्य निवडायचा तर नक्की काय बघायचं?

मधली_सुट्टी

‘घरी विचारून सांगतो’ हे वाक्य दातांच्या दवाखान्यासाठीच जन्माला आलं असावं. मी तर घरी कुणी नसतानाही वापरतो. :)

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.

पाऊलवाट

अर्धविराम, सटकलात ते उत्तम केलंत. आता दोन कामं करा. त्या दवाखान्यातून एक्स-रेची प्रत मागून घ्या. तुमच्याच दातांचा फोटो आहे, मागायला संकोच कसला? मग दुसरीकडे जा आणि तिथे ‘सात’ हा आकडा अजिबात उच्चारू नका. ‘तपासणी करायची आहे’ एवढंच म्हणा. आधीचा आकडा कळला की समोरचा नकळत त्याच्याभोवतीच फिरतो, एकतर सगळ्याला मान डोलावतो नाहीतर सगळंच खोडून काढतो. दोन्हींचा तुम्हाला उपयोग नाही.

आणि ‘आजच’ हा शब्द ऐकला की माझे तर कान टवकारतात. चेहरा सुजलाय, ताप आहे, ठणक्याने झोप उडालीय, मार लागून दात हललाय, हे ‘आजच’. न दुखणाऱ्या दाढेला आठवडाभर विचार करायची मुभा असतेच.

दंतकथा

मी स्वतः याच पेशातली. त्यामुळे बोलू की नको असं चाललं होतं, पण बोलते.

एकाला सात दिसतात आणि दुसऱ्याला दोन, यात प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. कीड म्हणजे आहे किंवा नाही असा दिव्याचा खटका नव्हे. दाताच्या वरच्या कडक थरातून, म्हणजे एनॅमलमधून, आधी क्षार निघून जातात. तिथे खडूसारखा पांढरट डाग दिसतो, खड्डा पडलेला नसतो. ही पायरी माघारी फिरू शकते. फ्लोराइड, नीट घासणं आणि दिवसभर गोड तोंडात घोळवत न राहणं, एवढ्यावर ती जागा पुन्हा कडक होते. खड्डा पडला किंवा कीड आतल्या मऊ थरात बऱ्यापैकी उतरली, की मग कोरून भरावं लागतं. आता त्या सुरुवातीच्या डागाला एक डॉक्टर ‘लक्ष ठेवू’ म्हणतो, दुसरा ‘भरून टाकू’ म्हणतो. दाढेच्या खाचांत बसलेला काळा रंग तर कित्येकदा नुसता डाग असतो.

मात्र एकदा दात कोरला की तो परत येत नाही. भरलेलं कधीतरी झिजतं, कडेने उचलतं, मग आणखी मोठं कोरावं लागतं. म्हणून सुरुवातीच्या किडीला ‘थांबू, सहा महिन्यांनी याच जागेचा पुन्हा एक्स-रे काढू’ म्हणणारा डॉक्टर आळशी नसतो. त्याला स्वतःच्या नोंदींवर भरवसा असतो.

दोन दाढांतल्या फटीतली कीड नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाही. त्यासाठी बाइटविंग नावाचा छोटा एक्स-रे काढतात, पट्टी दातांत धरून. हाड किती उतरलंय तेही त्यात कळतं. आणि रूट कॅनाल सांगितलं असेल तर विचारा, कशावरून? थंड लावून पाहिलं का? दातावर टकटक करून पाहिलं का? मुळाच्या टोकापर्यंतचा एक्स-रे आहे का? नुसत्या कॅमेऱ्याच्या फोटोवरून रूट कॅनाल ठरत नाही.

अर्धविराम

दंतकथा, मनापासून आभार. थंड लावणं, टकटक यांतलं काहीच झालं नाही. फक्त पेनासारखा कॅमेरा फिरवला.

माझे जुने डॉक्टर असे नव्हते हो. मुलांच्या परीक्षा कशा गेल्या विचारायचे, पाच मिनिटांत सफाई करून पाठवायचे, ‘झकास आहेत दात’ म्हणायचे.

कोरा_कागद

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

जुने डॉक्टर चांगले होते हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मुलांच्या परीक्षा विचारायचे म्हणून? १८ वर्षांत एकदा तरी त्यांनी बारीक खुणांची सळई हिरडीत घालून ‘तीन, दोन, तीन, चार’ असे आकडे मोजून कुणाला लिहून घ्यायला सांगितले का? जिभेच्या कडा कापडात धरून पाहिल्या? मानेच्या गाठी चाचपल्या?

माझ्या काकांचेही असेच एक देवमाणूस दंतवैद्य होते. काकांचे दात शेवटपर्यंत शुभ्र, कीड एकही नाही, आणि साठीत एकेक करत हलायला लागले. हिरड्यांचा आजार दुखत नाही, हीच तर त्याची खोड. नवा डॉक्टर जास्त सांगतो म्हणून चोर आणि जुना कमी सांगायचा म्हणून साधू, हा हिशोब मला पटत नाही.

अर्धविराम

राग नाही, पण जरा लागलं खरं. सळई? नाही आठवत. कदाचित केलं असेल, मी लक्ष दिलं नसेल.

दंतकथा

कोरा_कागद यांचा मुद्दा सोळा आणे खरा. तुम्हाला आठवत नाही म्हणता, पण ती मोजणी केली असती तर लक्षात राहिली असती. एकेका दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात, आणि आकड्यांचा जप चालू असतो.

हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक खाच असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर. ४ आली की डोळे उघडे ठेवायचे. ५-६ म्हणजे खाली हाड उतरत असण्याची दाट शक्यता, आणि तिथपर्यंत तुमचा ब्रश पोहोचत नाही. सळई लावल्यावर रक्त आलं तर तिथे सूज आहे. यातलं काहीही आरशात दिसत नाही. म्हणून निवड करताना मी सगळ्यात आधी हेच विचारायला सांगेन, ‘तुम्ही हिरड्यांचं मोजमाप करून तक्ता ठेवता का?’ याचं उत्तर ‘हो, हा बघा’ असं आलं तर अर्धं काम झालं.

अवांतर: दर सहा महिन्यांनी यायचंच, हाही काही दगडावर कोरलेला नियम नाही. इंग्लंडमधल्या नाइस या, आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी हे अंतर जोखमीप्रमाणे ३ महिन्यांपासून २४ महिन्यांपर्यंत असू शकतं, १८ वर्षांखालच्यांसाठी ३ ते १२. ‘तुम्हाला इतक्या महिन्यांनी बोलावतोय, कारण असं असं’ हे जो सांगतो तो विचार करून सांगतोय.

शेवंती

मी स्वच्छतेवर घसरते, कारण माझी निवड त्याच मुद्द्यावर होते. खुर्ची किती महागाची, भिंतीवर काय टांगलंय, याने फरक पडत नाही. मी बघते की हत्यारं बंद पाकिटातून निघतात का आणि ते पाकीट माझ्यासमोर फाडतात का. आणि कोरायचं यंत्र, ते गुरगुरणारं, दर पेशंटनंतर निर्जंतुक होतं की नुसतं पुसतात? बरेचजण आरसा-चिमट्याचं कौतुक करतात आणि यंत्राचं विसरतात.

दुसरं म्हणजे हातमोजे. एकदा एका ठिकाणी डॉक्टरांनी माझ्या तोंडातला हात काढला, फोन घेतला, ड्रॉवर उघडला, आणि तोच हात परत माझ्याकडे. मी तोंड मिटलं. ‘काय झालं?’ ‘मोजे बदलता का?’ चेहरा पडला, पण बदलले. तिथे परत गेले नाही. आता जिथे जाते तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारलं तर त्या मला हात धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या, ऑटोक्लेव्ह (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र) दाखवला, तारखांची वही दाखवली. प्रश्न विचारल्यावर माणूस कसा वागतो, त्यात बरंच काही कळतं.

मधली_सुट्टी

हत्यारांच्या पाकिटावर ती रंग बदलणारी पट्टी असते, तिचा रंग बदललेला असला की झालं ना?

दंतकथा

नाही. बाहेरची पट्टी एवढंच सांगते की पाकीट गरम झालंय. वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांना साधारण १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना ३ मिनिटं, अशी कसोटी असते. यंत्र खरंच जंतू मारतंय का हे पाहायला मुद्दाम चिवट बीजाणू आत ठेवून चाचणी करतात. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या सूचनांप्रमाणे ती आठवड्यातून एकदा तरी व्हावी. शेवंती, तुमच्या डॉक्टरांची वही बहुतेक त्याचीच असेल. अशी वही असलेल्या दवाखान्याला सोडू नका.

भित्री_भागूबाई

सगळे हुशारीचे मुद्दे मांडतायत, मी लाजेचा मांडते. मला खुर्चीत बसलं की घाम फुटतो. चार वर्षं गेलेच नव्हते. गेले तेव्हा दाढ इतकी सुजली होती की दोनदा इंजेक्शन देऊनही बधिर होईना, आणि भीती दुप्पट झाली.

त्यानंतर भेटलेल्या डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काहीच केलं नाही. नुसतं बोलले. म्हणाले, डावा हात वर केलात की मी थांबणार, कारण विचारणार नाही. पुढच्या वेळी सफाई करताना मी मुद्दाम, न दुखता, हात वर केला. थांबले! त्या एका थांबण्यावर मी त्यांची कायमची पेशंट झाले. आता जोडीला नवरा, सासूबाई, सगळे तिथेच.

दंतकथा

तुमची दाढ बधिर झाली नाही त्याला कारण आहे. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि बधिर करायचं औषध तिथे नीट लागू पडत नाही. म्हणजे दुखण्याच्या भीतीने जो जितकं लांबवतो, त्यालाच जास्त दुखतं. दंतवैद्यकाचा हा सगळ्यात क्रूर विनोद आहे. इंजेक्शनआधी हिरडीवर जेल लावणं आणि औषध अगदी सावकाश सोडणं, एवढं जमलं तरी सुई फारशी जाणवत नाही. घाईने टोचणारा हात ओळखा.

घड्याळजी

एकट्या डॉक्टरचा छोटा दवाखाना की मोठं, दहा खुर्च्यांचं केंद्र, यावर कुणी बोललं नाही. मी दोन्ही केलंय. मोठ्या ठिकाणी वेळ पाळतात (माझ्यासाठी हे फार), सगळे तज्ज्ञ एका छताखाली. पण तीन भेटींत तीन वेगळे डॉक्टर भेटले आणि तिघांनी ‘आधी काय केलं होतं?’ मलाच विचारलं. नोंद होती, वाचायला कुणाला वेळ नव्हता. छोट्या ठिकाणी माझं तोंड त्यांना पाठ आहे, पण गेल्या वर्षी अक्कलदाढ आडवी निघाली तेव्हा त्यांनी सरळ हात जोडले, ‘हे माझं काम नाही, शस्त्रक्रियावाल्यांकडे जा’ म्हणून चिठ्ठी दिली. मला ते आवडलं.

दंतमहाविद्यालयाचं रुग्णालय हाही पर्याय विसरू नये. वेळ भरपूर लागतो, पण शिकणारा तपासतो, मग त्याचे मास्तर तपासतात. घाई करायला तिथे कुणाला फायदा नसतो.

पाऊलवाट

घड्याळजींना +१. आणि इंटरनेटवरचे पाच तारे बघून जाणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, लोक तारे देतात ते गोड बोलण्याला, थंडगार वेटिंग रूमला आणि दुखलं नाही म्हणून. भरलेली दाढ आठ वर्षांनी कशी आहे यावर तारे द्यायला कुणी परत येत नाही. मी तारे सोडून फक्त तक्रारी वाचतो. तीच तक्रार तीन-चार वेगळ्या माणसांनी केली असेल तर ती खरी.

सायंतारा

आईसाठी शोधत होते तेव्हाचा अनुभव. तिला मधुमेह, रक्त पातळ करायची गोळी, शिवाय हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन चालू. पहिल्या ठिकाणी कुणी काही विचारलंच नाही, थेट ‘ही दाढ काढून टाकू’. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी आधी औषधांची यादी मागितली. हाडांचं इंजेक्शन म्हटल्यावर थबकले. त्या प्रकारच्या काही औषधांत दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो म्हणे. आईच्या नेहमीच्या डॉक्टरांना आमच्यासमोर फोन लावला. रक्ताची गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका, असं बजावलं. शेवटी दाढ न काढता रूट कॅनालवर निभावलं.

घरी वयस्कर माणूस असेल तर इतर काही बघू नका, औषधं विचारतात का एवढं बघा. मधुमेह आणि हिरड्या यांचं तर दोन्ही बाजूंनी वैर आहे, साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजल्या की साखर आटोक्यात येत नाही.

मधली_सुट्टी

एक भाबडा प्रश्न. सफाईने दात सैल होतात ना? आमच्याकडे सगळे हेच सांगतात. शिवाय ते एक्स-रे. दरवेळी काढायला सांगणारा डॉक्टर बरा की वाईट?

दंतकथा

सैल होत नाहीत. कीटणाने हिरडी आणि हाड आधीच मागे सरकलेलं असतं, आणि कीटणच दातांना लिंपून धरल्यासारखं भासत असतं. ते निघालं की खरी फट जिभेला लागते. थोडे दिवस थंड लागून दात शिवशिवतात, मग बसतं.

एक्स-रेबद्दल: दातांच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास (सिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजायचं एकक, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). निसर्गातून आपल्याला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच, म्हणजे एका दिवसात त्या एक्स-रेहून थोडा जास्तच. अमेरिकन डेंटल असोसिएशनने तर २०२४ मध्ये शिशाचा एप्रन आणि गळपट्टा यांचीही आता गरज नाही असं सांगितलं. तरीही दर भेटीला न बघता काढणं बरोबर नाही. आधी तोंड तपासायचं, मग लागेल तेवढा काढायचा. उलट कधीच न काढणाऱ्याकडे फटीतली कीड कळणार कशी?

अर्धविराम

मंडळी, जाऊन आलो. तुमच्यामुळे प्रश्न पाठ करून गेलो होतो.

नव्या डॉक्टरबाईंनी पाऊण तास घेतला. मी ‘सात’ हा आकडा सांगितला नाही. जुनं पाकीट न्यायची आठवण मात्र झाली. त्यांनी ते दिव्यावर धरलं आणि नवा एक्स-रे शेजारी लावला. ४६ नंबरची दाढ (खालची उजवी, पहिली मोठी, पहिला आकडा तोंडाचा भाग आणि दुसरा मधल्या रेषेपासून दाताचा क्रम, हे तिथेच शिकलो) लाल ठिपक्यांत होती. नऊ वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्ये तीच सावली, तेवढीच, तिथेच. ‘नऊ वर्षांत जी हलली नाही तिला मी का छेडू?’ म्हणाल्या. एकूण हिशोब असा: सातांतली एक खरी कीड, दोन दाढांच्या फटीत, भरायची. तीन ठिकाणी नुसता वरचा थर, लक्ष ठेवायचं. दोन खाचांतले डाग. एक माझ्या जुन्या सिमेंटची कड. रूट कॅनाल एकही नाही, दोन्ही दाढांना थंड लावलं तर शहाण्यासारखं कळलं आणि लगेच शमलं.

मी खूश होऊन उठायला लागलो तर म्हणाल्या, ‘बसा, अजून झालं नाही.’ सळई काढली. मागच्या दाढांपाशी आकडे सुरू झाले, ‘पाच, चार, सहा, सहा, पाच...’ आणि रक्त. एक्स-रेत हाड उतरलेलं त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. हे वर्षानुवर्षांचं आहे. सात ठिपक्यांत याचा उल्लेख नव्हता, आणि १८ वर्षांच्या ‘झकास’मध्येही नव्हता. दोन बैठकांत हिरड्यांखालची खोल सफाई, फटींसाठी बारीक ब्रश, तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी.

कोरा_कागद, तुम्ही जिंकलात. पण पाकीट जुन्या डॉक्टरांनीच दिलं होतं हो.

कोरा_कागद

जिंकण्यासाठी लिहिलं नव्हतं. पाकीट देणारा माणूस चांगलाच असणार, त्यावर वाद नाही. त्याने मोजलं असतं तर आणखी बरं झालं असतं, एवढंच. ते पाकीट आता कुठे आहे?

अर्धविराम

बाईंनी फिल्मचे फोटो काढून माझ्या नोंदीत लावले आणि पाकीट परत दिलं. पुन्हा कपाटातच, पण आता वरच्या खणात.

सायंतारा

अर्धविराम, भावंडांनाही हिरड्या तपासून घ्यायला सांगा. घराण्यात असू शकतं.

मधली_सुट्टी

धागा वाचून आज हिय्या करून एका दवाखान्यात फोन लावला. पलीकडून विचारलं, ‘काय दुखतंय?’ म्हटलं, काही नाही. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग म्हणाल्या, ‘मग यायचंय कशाला?’

दुसरा नंबर शोधतोय.